‘पदर’ या शब्दाचा अर्थ कसा लावायचा आणि तो कसा वापरायचा : साडीपासून चौपदरी रस्त्यापर्यंत

माझी भाची बंगळुरात वाढली, घरी मराठी अगदी छान बोलते पण वाचन सगळं इंग्रजीतलं. गेल्या दिवाळीत तिला तिच्या पणजोबांचं एक जुनं पत्र सापडलं, मुलीच्या लग्नाच्या बोलणीचं, आणि तिने मला फोन केला की मावशी, या एका पत्रात ‘पदर’ हा शब्द चार वेळा आलाय आणि साडीचा कुठे विषयच नाहीये, हे चाललंय काय. तिने वाचून दाखवलं ते असं होतं :

“आपला आमचा पदर लागतोच, तेव्हा जास्त चौकशीचे कारण नाही. लग्नाचा खर्च पदराला खार लावून करू. पोर अजाण आहे, तिची चूक पदरात घ्यावी. आमच्या पदरी आणखी दोघी आहेत हे आपण जाणताच.”

चार वाक्यं, चार पदर, चार अर्थ. मी भाषांतराची आणि सबटायटलची कामं करते, त्यामुळे या शब्दाशी माझी रोजची गाठ आहे आणि मी पाहिलंय की नवीन मुलं इथे हमखास अडकतात, मशीनला दिलं तर ते तर सरळ साडीच लिहून टाकतं. म्हणून मी भाचीला जसं टप्प्याटप्प्याने समजावलं तसंच इथे लिहितेय. शेवटी हेच पत्र परत घेऊ, तोपर्यंत ते तुम्हाला आपोआप वाचता आलं पाहिजे.

पायरी 1 : आधी खरा पदर हातात घ्या

वाक्प्रचार पाठ करायच्या आधी ती वस्तू बघा, कारण जवळजवळ सगळे अर्थ तिथूनच निघालेत. साडीचे तीन भाग. अंग म्हणजे मधला मोठा भाग, काठ म्हणजे वरखालची किनार, आणि पदर म्हणजे ते टोक जे नेसून झाल्यावर खांद्यावरून खाली सुटतं. विणकर सगळ्यात जास्त जीव ओततो तो पदरावर. पैठणच्या किंवा येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचा पदर बघा, जरीच्या विणीवर मोर, मुनिया, कमळं वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाने हाताने भरलेली असतात आणि उलट्या बाजूने बघितलं तरी नक्षी जवळपास तशीच दिसते, मागे धाग्यांचा गुंता लोंबत नाही. आपल्याकडे जिला इरकल म्हणतात ती साडी कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची, तिच्यात तर पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांपासून वेगळे असतात आणि मागावरच एकेक फास एकमेकांत अडकवून दोन्ही जोडतात. म्हणजे पदर हा तिथे खरोखर वेगळा भाग आहे, जोडलेला. लाल रेशमाचा तो पदर आणि त्यातली पांढरी नक्षी एकदा पाहिली की इरकल लांबूनही ओळखता येते.

आता नेसतानाचे शब्द, हे शब्दशः अर्थाचे आहेत आणि घरात रोज लागतात. सहावारी नेसताना आधी ‘पदर काढून घ्यायचा’, म्हणजे खांद्यावरून मागे किती लांब सोडायचा ते मोजून घ्यायचं आणि मग राहिलेल्या कापडाच्या निऱ्या करायच्या, पहिल्यांदा नेसणाऱ्या मुली उलट करतात आणि पदर आखूड पडतो. ‘पदर सोडणे’ म्हणजे घड्या न करता हातावर मोकळा ठेवणे. ‘पदर खोचणे’ म्हणजे कामाला लागताना तो कमरेला अडकवणे, आणि म्हणून “तिने पदर खोचला” एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं की आता ही बाई कामाला किंवा भांडायला उभी राहिली. ‘डोक्यावरून पदर घेणे’ म्हणजे मोठ्यांसमोर, देवळात डोकं झाकणे. ‘पदर ढळणे’ म्हणजे खांद्यावरून सरकणे.

एक व्याकरणाची गोष्ट इथेच सांगून टाकते. पदर हा शब्द पुल्लिंगी आहे. तो पदर, साडीचा पदर. साडी स्त्रीलिंगी म्हणून बरेच जण “साडीची पदर” लिहितात ते चूक. अनेकवचनही पदरच, एक पदर, तीन पदर, ‘पदरं’ नाही.

पायरी 2 : दोन मुळं वेगळी करा

हे समजलं की अर्धं काम झालं. पदर शब्दाचे दोन मोठे गट आहेत. एक म्हणजे टोक, ज्यात काहीतरी धरता येतं, बांधता येतं. दुसरा म्हणजे थर, धागा, पट्टा, म्हणजे एकावर एक किंवा एकाशेजारी एक असलेली गोष्ट.

पहिल्या गटाचं कारण अगदी साधं आहे, साडीला खिसा नसतो. बाई बाजाराला जायची तेव्हा पैसे पदराच्या टोकात गाठ मारून ठेवायची, माझी आजीही तसंच करायची, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी बाजारच्या दिवशी ती गाठ दाताने सोडायची आणि त्यातून आमच्या हातावर नाणं ठेवायची. चोळीचा खण, तांदूळ, नारळ अशी ओटी भरतात ती पण पदरातच घेतात. रडणाऱ्या पोराचे डोळे पुसायचे ते पदराने, दूध पाजायचं ते पदराखाली घेऊन, चुलीवरचं गरम भांडं उतरवायचं तेही पदराने. म्हणजे पदर हा त्या बाईचा खिसा, पिशवी, रुमाल आणि आडोसा सगळं एकाच वेळी होता, आणि म्हणूनच पैसा, जबाबदारी, आश्रय, नशीब, मागणं, देणं या सगळ्यासाठी भाषेने हाच शब्द उचलला. मला हे फार मोठं वाटतं. पुरुषांच्या कपड्यातली कनवटही होती, ‘कनवटीला पैसा असणे’ आपण म्हणतो, पण पदराएवढा पसारा तिचा झाला नाही, आणि पुढे तर पुरुषसुद्धा स्वतःबद्दल “मी पदरमोड केली” असं म्हणायला लागले.

दुसऱ्या गटात कापडाच्या टोकाशी संबंध संपतो आणि घडी किंवा धागा उरतो. दोन पदरी दोरा म्हणजे दोन धागे एकत्र असलेला. तीनपदरी मोहनमाळ म्हणजे तीन सर. घडीच्या पोळीला पदर सुटतात. चिरोटे करताना पोळ्यांच्या मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, गुंडाळी करून कापायचं आणि मंद आचेवर तळायचं, तेव्हा पदर फुलतात, आच मोठी झाली की बाहेरून लाल होतं आणि पदर आतल्या आत चिकटून राहतात. आणि याच गटात रस्ते आलेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग सहापदरी. पेपरात रोज वाचतो आपण, पण हा तोच साडीच्या घरातला शब्द आहे हे लक्षातच येत नाही.

मात्र रस्त्याच्या बाबतीत एक बारकावा आहे. “या रस्त्याला चार पदर आहेत” असं कोणी म्हणत नाही, सुट्टा शब्द हवा तर लेन किंवा मार्गिका, पदर फक्त आकड्याला जोडून येतो, दुपदरी, चौपदरी, सहापदरी, आणि तो जोडूनच लिहायचा. पोळीचं आणि हाराचं तसं नाही, तिथे दोन्ही चालतं, “हाराला तीन पदर आहेत” आणि “तीनपदरी हार”.

पायरी 3 : शब्दाची शेपटी बघा

वाक्यात पदर दिसला की लगेच अर्थ लावायला जाऊ नका, आधी त्याला प्रत्यय कोणता लागलाय ते बघा. पदरी, पदरात, पदरचा, पदराला. अर्थ बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

‘पदरी’ हे जुनं सप्तमीचं रूप आहे, घरी, दारी, पदरी. हे आलं की आश्रय, नोकरी किंवा नशीब समजा. “बाळाजी आवजी हे शिवाजी महाराजांच्या पदरी चिटणीस होते” याचा अर्थ ते महाराजांच्या सेवेत होते, राजा पोसणारा आणि हे त्याच्या आश्रयाला. इतिहासाच्या लिखाणात हे सारखं येतं. आजच्या कंपनीसाठी मात्र हे वापरू नका, “मी अमुक कंपनीच्या पदरी आहे” म्हटलं तर वाटतं की कंपनी तुम्हाला पोसतेय. याच्या उलट्या बाजूने “तिच्या पदरी दोन लेकरं होती” म्हणजे दोन मुलांची जबाबदारी तिच्यावर होती. आणि “पदरी निराशा आली”, “पदरी अपयश पडलं” इथे नशीब. ‘पदरी पडलं पवित्र झालं’ ही म्हण त्यातलीच, जे वाट्याला आलं ते गोड मानून घ्यायचं. ही म्हण मी जपून वापरा असं सांगेन, कारण पिढ्यान्पिढ्या ती मुलींना न पटलेल्या लग्नाबद्दल ऐकवली गेली आहे, ज्यांनी ती ऐकून घेतली त्यांना तिच्यात अजूनही काटा लागतो.

‘पदरात’ आलं की हातात पडणं, मिळणं. “दोन एकर पदरात पडली”, “एवढं करून पदरात काय पडलं?” आणि ‘पदरात पाडून घेणे’ म्हणजे प्रयत्नाने, कधी चतुराईने मिळवणे. पदरी पडतं ते आपोआप, पदरात पाडून घेतो ते आपण. हा फरक लिहिताना फार उपयोगी पडतो.

‘पदरचा, पदरची, पदरचं’ म्हणजे स्वतःचा, स्वतःच्या खर्चाचा. “पदरचे दोन हजार घातले.” याचंच पुढे ‘पदरमोड’ झालं, स्त्रीलिंगी शब्द, पदरमोड केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले, पदरमोड हा शब्द कशासाठी आहे ते मी मुलांना नेहमी या उदाहरणाने सांगते. साध्या खर्चाला तो वापरू नये, स्वतःसाठी मोबाईल घेतला ती पदरमोड नाही, दुसऱ्याच्या किंवा सगळ्यांच्या कामासाठी स्वतःचं घातलं तर पदरमोड.

‘पदरचं’ याचा अजून एक अर्थ आहे जो हटकून चुकतो. “तो जे बोलला तेवढंच सांग, पदरचं घालू नको.” इथे पैसा नाही, इथे मनाने जोडलेले शब्द. मी भाषांतर तपासायला बसते तेव्हा समासात हेच लिहिते, पदरचं घातलंय.

‘पदराला’ मध्ये झीज किंवा गाठ असते. पदराला खार लावणे म्हणजे स्वतःला तोशीस लावून घेणे, नुकसान सोसणे. पदराला गाठ बांधणे म्हणजे नीट लक्षात ठेवणे, ‘खूणगाठ’ शब्द आठवा. आणि ‘पदराला हात घालणे’ हा मात्र एकदम वेगळ्या जातीचा आहे, बाईच्या अब्रूवर हात टाकणे, गंभीर गुन्हा, इथे हलकं भाषांतर कधीही करू नका.

पायरी 4 : क्रियापदाने अर्थ उलटतो तिथे थांबा

बाकी सगळं विसरलात तरी ही एक जोडी लक्षात ठेवा. ‘चूक पदरात घेणे’ आणि ‘चूक पदरात घालणे’. पहिल्याचा अर्थ क्षमा करणे, “माझी चूक पदरात घ्या” म्हणजे मला माफ करा. दुसऱ्याचा अर्थ समोरच्याला त्याची चूक दाखवून त्याच्या गळी उतरवणे, “मी त्याची चूक त्याच्या पदरात घातली.” एका क्रियापदाने माफीचं खडसावणं होतं. आणि गोंधळ वाढवायला ‘चूक पोटात घालणे’ आहेच, तिचा अर्थ परत क्षमा करणे. एका मालिकेच्या सबटायटलमध्ये मी हे चुकलेलं पाहिलंय, सासरा सुनेला तिची चूक दाखवतोय आणि खाली लिहून आलं की त्याने तिला माफ केलं, पुढचा अख्खा प्रसंग बघणाऱ्याला कळेना.

‘पदर पसरणे’ म्हणजे काकुळतीने मागणे. देवीपुढे, सावकारापुढे, मुलाच्या शिक्षणासाठी नातेवाइकांपुढे. पुरुषाबद्दल बहुतेक हात पसरले किंवा झोळी पसरली म्हणतात, पण भाषणात, भजनात पुरुषही “पदर पसरतो” म्हणतात आणि ते चूक नाही, त्यात लीनता जास्त येते. ‘पदरात टाकणे’ म्हणजे देणे, मेहेरबानीने. ‘पदर धरणे’ म्हणजे आसरा घेणे किंवा पिच्छा न सोडणे, पोर आईचा पदर धरून चालतं तसं. ‘पदराआड घालणे’ म्हणजे पोराचे अपराध झाकणे.

‘पदर येणे’ हा जुना आणि हळुवार शब्द आहे, “मुलीला पदर आला” म्हणजे ती वयात आली. शहरातल्या मुलींना तो माहीतच नाही. जुन्या बायका पाळीचं नाव न घेता असं सांगायच्या.

पायरी 5 : कोण कोणाशी बोलतंय ते बघा

‘पदर लागणे’ किंवा ‘पदर जुळणे’ हा अर्थ शब्दावरून नाही, बोलणाऱ्यांवरून कळतो. दोन घरची वडीलधारी माणसं सोयरिकीचं बोलत असतील आणि एक जण म्हणाला “त्यांचा आमचा पदर लागतो”, तर त्याचा अर्थ दोन कुळांमध्ये आधीपासून लग्नसंबंध होतात किंवा होऊ शकतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या मराठा घरांत हे अजूनही ऐकू येतं. यात जात आणि कूळ दोन्ही आहे, त्यामुळे भाषांतर करताना नुसतं “नातं आहे” लिहून चालत नाही, नातं नसलं तरी पदर लागू शकतो. मला स्वतःला हे जातीकुळाचं मोजमाप पटत नाही, पण जुनी पत्रं आणि गावाकडचं बोलणं समजायचं तर हा अर्थ यायलाच हवा.

तसंच मुलीचा बाप वराच्या आईबापांना म्हणतो “पोर तुमच्या पदरात टाकली”, तेव्हा ते देणं नाही, सोपवणं आहे, सांभाळा असं सांगणं आहे. हेच वाक्य दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणत नाही.

पायरी 6 : शेजारचे शब्द मिसळू नका

इथे मी जास्त रेंगाळत नाही, पण काही जोड्या बघा. धोतराच्या टोकाला सोगा म्हणतात, पदर नाही. फेट्याच्या मागे लोंबतो तो शेमला. उपरण्याला मात्र पदर चालतो. वेणीला पेड, हाराला पदर, म्हणून ‘तीनपेडी वेणी’ आणि ‘तीनपदरी हार’. पापुद्रा आणि पदर यातही फरक आहे, खारी बिस्किटाचा वरचा सुटून पडणारा पातळ तुकडा तो पापुद्रा, आतला अख्खा थर तो पदर.

लेखात, परीक्षणात “या विषयाला अनेक पदर आहेत” असं आपण लिहितो. त्याच्या जागी पैलू आणि कंगोरे पण लिहितात, आणि तिन्ही एकच समजतात. पैलू हिऱ्याला असतात, बाजू फिरवली की दुसरा दिसतो. कंगोरा म्हणजे कडेचा उंचवटा, नजरेत भरणारा बारकावा. पदर मात्र एकाखाली एक असतात, वरचा बाजूला केल्याशिवाय खालचा दिसत नाही, म्हणून पदराला ‘उलगडणे’ हे क्रियापद शोभतं. पाण्याच्या प्रश्नाला शेतकऱ्याची बाजू आणि शहराची बाजू आहे असं म्हणायचं असेल तर पैलू लिहा. वरवर पाण्याचं भांडण दिसतंय, खाली जमिनीचं आहे आणि त्याच्या खाली भावकीचं आहे असं असेल तर पदर लिहा.

हिंदीत नेताना पल्लू आणि आँचल दोन्ही समोर येतात. नेसण्याच्या गोष्टीला पल्लू, आईच्या मायेच्या गोष्टीला आँचल, आणि पदरमोड, पदरचं, पदरी या सगळ्याला कापडाचा शब्द शोधत बसू नका, सरळ अर्थ लिहा, ‘अपनी जेब से’ वगैरे.

पायरी 7 : आता ते पत्र

भाचीला मी सांगितलं, आता तू वाच. तिने फोनवरच एकेक वाक्य घेतलं.

“आपला आमचा पदर लागतोच.” दोन घरं, लग्नाची बोलणी, ‘लागणे’ क्रियापद, म्हणजे दोन्ही कुळांत सोयरीक होते. “खर्च पदराला खार लावून करू.” पदराला, खार, म्हणजे ऐपत नसली तरी झळ सोसून करू. “तिची चूक पदरात घ्यावी.” घेणे आहे, घालणे नाही, म्हणजे तिला समजून घ्या, माफ करा. इथपर्यंत ती भराभर आली.

शेवटच्या वाक्याला थांबली. “आमच्या पदरी आणखी दोघी आहेत.” पदरी, म्हणजे जबाबदारी, अजून दोन मुली लग्नाच्या आहेत. मग जरा वेळाने म्हणाली, मावशी, म्हणजे ते खार लावून करू म्हणतायत पण त्याच पत्रात हळूच सांगतायत की फार मागू नका, अजून दोघींचं करायचंय. मी म्हटलं, हो, आणि त्या दोघींतली धाकटी म्हणजे तुझी आजी.